बगळ्यांच्या बेटाचा रस्ता

"म्याडम, काय लिवलं त्यात?"

मी टेपचं एक टोक दगडाखाली दाबून दुसरं टोक ओढत मागे मागे चालले होते. काखेत फाईल, दातांत पेन. तलाव निम्म्याहून जास्त आटलेला. मधोमध मुरमाचा एक उंचवटा, त्यावर अकरा बाभळी. समोर साठीच्या पुढची एक बाई दोन शेळ्या घेऊन उभी होती. मला वाटलं, शेळ्यांना पाला मिळेल का म्हणून विचारतेय. मी वाचून दाखवलं, "अकरा बाभळी. वर जुनी घरटी, रिकामी. तोडण्यास हरकत नाही."

"रिकामी? कुनी सांगितलं?"

"अहो, दिसतंय ना समोर. एक तरी पाखरू आहे का?"

"येताना आमच्या आळीतनं आलात न्हवं? तितं काय दिसलं?"

"काय दिसणार? सगळ्या घरांना कुलपं."

"मंग ती बी रिकामीच म्हना की. तोडायची का ती बी?"

मी फटकळ बाई आहे. ऑफिसात म्हणायचे, मॅडमना उत्तर शोधावं लागत नाही. त्या दिवशी मात्र मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हटलं, "बघू."

मी तलावांची इंजिनिअर. मोठी धरणं नव्हेत, गावोगावचे मातीचे लहान तलाव. भरावातून पाणी गळायला लागलं, सांडव्याचे दगड निखळले, गाळ साचला, की लोकांना आमची आठवण येते. मूळची मी संगमनेरची. आमच्याकडे प्रवरेचे पाट, दोन्ही अंगाला ऊस, पहाटेपासून दुधाच्या गाड्या. तिथून माझी बदली झाली ती एकदम खर्ड्याच्या पुढे. नवरा शाळामास्तर, त्याला सोडून येता येईना. मी जामखेडला एक खोली घेतली आणि पहिले सहा महिने रोज ऑफिस सुटल्यावर त्याला फोन करून रडले. "इथे डोळ्यांना हिरवं काही दिसतच नाही रे," एवढंच माझं पालुपद. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक कॅमेरे घेऊन पोचतात आणि मागे वेफर्सची पाकिटं टाकून येतात.

हा तलाव म्हणजे पाझर तलाव. त्याला कालवा नसतो. पावसाचं पाणी अडवायचं आणि हळूहळू जमिनीत मुरू द्यायचं, म्हणजे खालच्या विहिरींना पाझर लागतो. गाळ साचत गेला की पाणी मावत नाही आणि मुरतही नाही. म्हणून गाळ काढायचा. तो शेतकरी आपल्या रानात नेऊन टाकतात. तलाव खोल, रान सुपीक, दोघांचं भलं. या कामाचं एस्टिमेट, म्हणजे काय काय आणि किती करावं लागेल याचा अंदाज, मी करत होते. अंदाजात झाड ही अडचण असते. अडचण दिसली की आम्ही आधी ती कागदावर तोडतो, मग जागेवर.

त्या बाईंचं नाव सोजरबाई. उंचवट्यावरून उतरून आम्ही दोघी काठापर्यंत बरोबर चाललो. त्यांनीच मला सगळं सांगितलं.

"श्रावणात पानी चढलं की येत्यात. राखी रंगाचे, लई मोठाले. दरसाल त्याच घरट्यात. चार नव्या काड्या लावत्यात आन बसत्यात. दसरा-दिवाळीला पिल्लं उडाली की निघून जात्यात. मंग आमची बी टोळी निघती."

टोळी म्हणजे ऊसतोडीला जाणारी माणसं. त्या भागात दिवाळी झाली की ट्रक लागतात आणि निम्मं गाव बायकापोरांसकट, भांड्याकुंड्यांसकट कारखान्यांच्या मुलखात जातं. परत येतं ते उन्हाळ्यात.

"तुम्ही नाही गेलात?"

"तीस वरसं कोयता चालिवला. आता गुडगं गेलं. पोरगा, सून, नातवंडं जात्यात. मी घर राखती." मग शेळीला उगाचच 'हट्' करून म्हणाल्या, "ती पाखरं बसली की माझं बी घर भरल्यालं असतं बगा. तेवडंच दिवाळीपतूर."

परतताना मी जीप त्यांच्या आळीत थांबवायला सांगितली. येताना कुलपं दिसली होती, नीट पाहिली नव्हती. प्रत्येक कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती, पावसाने गंजू नये म्हणून. एका दाराशी खराटा उलटा टेकवून ठेवलेला. एका ओट्यावर पाटा-वरवंटा होता, त्यावर पोतं झाकलेलं. कायमचं गेलेलं माणूस कुलपाला कशाला पिशवी बांधेल? माझं संगमनेरचं घर आठवलं. ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, काय मोजायचंय का?" मी म्हटलं, "नाही. चल."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणजे आमचे डेप्युटी इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता, पण फाईल बंद करायची त्यांना भारी हौस.

"झाडं ठेवायची? का बरं?"

"साहेब, बगळे येतात तिथे. घरटी करतात."

"बगळे आपल्याकडे कधीपासून आले मॅडम? आपण पाणी बघायचं."

"सर, दरवर्षी तिथेच..."

"उद्या कुणी म्हणेल बेडूक येतात, म्हणून तलाव भरू नका."

माझं डोकं फिरलं. पण बावीस वर्षांच्या नोकरीत एक अक्कल आलेली होती: साहेबाला साहेबाच्या भाषेत सांगावं. मी बाहेर आले, चहा प्यायले आणि परत आत गेले.

"साहेब, तो उंचवटा गाळाचा नाहीच. कडक मुरूम आहे. फोडायला पोकलेनचे चार-पाच दिवस जातील आणि पाण्याचा साठा नावाला वाढेल. त्यात झाडं काढायची परवानगी वेगळीच. पावसाळ्याआधी काम उरकायचं असेल तर उंचवटा सोडलेला बरा."

"मग हे आधी सांगायचं ना! बगळे कशाला मध्ये आणता?" साहेबांनी पेन काढलं आणि माझ्या ओळीवर काट मारली. अकरा बाभळी वाचल्या. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात सगळ्यांसाठी भेळ मागवली. का ते कुणालाच सांगितलं नाही.

नवऱ्याने शाळेच्या लायब्ररीतून पक्ष्यांचं एक पुस्तक धाडलं. त्यात राखी बगळ्यावर दोन पानं होती, मी ती पाठच केली. बगळा पोहून मासा धरत नाही. काठाशी गुडघाभर पाण्यात पुतळा होऊन उभा राहतो, मान आखडून. मासा टप्प्यात आला की मानेचा फटका मारतो. म्हणजे त्याला उथळ पाणी पाहिजे. आमच्या गाळकामात मशीनवाले काठ विहिरीसारखा उभा कापतात, तसा काठ त्याच्या कामाचा नाही. मी पोकलेनवाल्याला पूर्वेकडचा काठ उतरता ठेवायला लावला. तो कुरकुरला, "मॅडम, गाळ काढायला बोलावलंय का बगिचा करायला?" मी म्हटलं, "तुझ्या बकेटने होत नसेल तर सांग, दुसरा बोलावते." झक्कास उतार केला त्याने.

इथपर्यंत मी शहाणी. आता पुढचं.

ओल्या गाळावरून डंपर चालत नाही, चाकं रुततात. म्हणून काठापासून कामाच्या जागेपर्यंत मुरूम टाकून, दाबून, तात्पुरता रस्ता करतात. आम्ही तो त्या उंचवट्यापर्यंत नेला होता, कारण तिथली जमीन घट्ट. डंपर वळवायला सोयीची. काम संपलं की रस्ता उकरून काढायचा, असा नियम. मेअखेर गाळाचं काम संपलं. रस्ता काढायचा बाकी होता, दोन दिवसांचं काम. आणि वळवाने गाठलं. ठेकेदाराची मशीन रुतायच्या भीतीने त्याच संध्याकाळी ट्रेलरवर चढली. साहेबांचा फोन आला, "काम पूर्ण झाल्याचा दाखला उद्या सकाळी टेबलावर पाहिजे."

त्यात सरपंच आले. धोतर वर खोचलेले, अंगाने आडवे, बोलायला गोड. "मॅडम, रस्ता ऱ्हाऊ द्या की. आलेला रस्ता कुनी माघारी धाडतं का? गुरं-शेळ्या जातील बाभळीपतूर, पान्याची मोटर ठिवायला जागा हुईल."

"अहो, तो पाण्याखाली जाणार आहे."

"जाऊ द्या. हाय तर हाय."

दाखल्यात एक छापील ओळ असते: तात्पुरता रस्ता काढून जागा पूर्ववत केली आहे. बाहेर पाऊस कोसळत होता. मी मनात हिशेब केला. तलाव भरला की रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी असेल, कुणाच्या डोळ्यांना दिसणार नाही, पुढच्या उन्हाळ्यात सावकाश काढू. आणि सही ठोकली. आमच्या लाइनीत अशी सही न केलेला माणूस दाखवा. पण म्हणून काय झालं? ती माझी होती.

श्रावणात सोजरबाईंचा फोन. "म्याडम, आले!"

मी रजा टाकून गेले. तलाव काठोकाठ. उतरत्या काठावर ढोकऱ्या बसलेल्या, मातकट पाठीच्या, उडाल्या की एकदम पांढऱ्याशुभ्र. आणि मध्ये पाण्याने वेढलेल्या अकरा बाभळी. उंचवटा आता बेट झाला होता. त्यावर राखी बगळे होते. मी आयुष्यात बगळे पाहिले नव्हते असं नाही. पण घर मांडणारा बगळा पाहिला नव्हता. नर एक काडी घेऊन यायचा, मान मुडपून, पाय मागे ताणून. उतरताना एक घोगरी हाक द्यायचा. मादी उठून काडी घ्यायची, इथे खोच, तिथे खोच, पसंत पडली नाही की परत काढायची. तो बिचारा पुढच्या काडीला जायचा. सोजरबाई म्हणाल्या, "बाईमानूस हाय. घरातलं तिलाच कळतं." आम्ही दोघी काठावर बसून शेंगा खात इतक्या हसलो!

मग मी दर रविवारी जायला लागले. पहिल्यांदा असं झालं की रविवारी मी संगमनेरला गेले नाही. नवरा म्हणाला, "आता हिरवं दिसायला लागलं वाटतं."

सोजरबाईंचा मुलगा, सून, नातवंडं सगळी घरी होती. दुपारी मला त्यांच्याकडे जेवायला बसवायचे, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं शेंगोळं. नातू रोज झाडांकडे बघून सांगायचा, आज कुठल्या घरट्यातून किती डोकी वर आली. आठ घरट्यांत पिल्लं होती. अंगावर पिंजारलेली पिसं, डोक्यावर उभे केस, आणि दिवसभर टक टक टक टक असा एकच गलका.

साहेब पाणीसाठा बघायला आले, तेव्हा मी मुद्दाम त्यांना चपट्या होडीतून बेटावर नेलं. झाडाखाली उभं राहून वर बघत म्हणाले, "हेच का तुमचे..." आणि पुढचं बोलायच्या आत वरून अर्धवट पचलेला मासा त्यांच्या टोपीवर. घाबरलं की बगळ्याचं पिल्लू पोटातलं ओकून टाकतं, ते पुस्तकात होतं. मी त्यांना सांगायला विसरले. खरंच विसरले, देवाशपथ. साहेबांनी टोपी काढली, वास घेतला आणि स्वतःच हसायला लागले. "चांगली पोसलीत की हो पोरं," म्हणाले.

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली. वीस-बावीस दिवस थेंब नाही. पाझर तलाव तो, पाणी मुरायचंच. पातळी दोन फुटांनी खाली गेली. तशी दरवर्षी जाते, त्याने काही बिघडत नाही, कारण बेटाभोवती पुरुषभर पाणी असतंच. या वर्षीही होतं. फक्त एका जागी नव्हतं.

दोन रविवार मी गौरी-गणपतीसाठी संगमनेरला होते. तिथे सोजरबाईंनी फोन केला. एवढंच बोलल्या, "म्याडम, या."

मी काठावर पोचले. पाण्याच्या मधून माझा रस्ता वर आला होता. सरळ, दाबून केलेला, रोलर फिरवलेला. काठापासून थेट बाभळीपर्यंत. वरच्या चिखलात मांजराच्या पंजांचे ठसे, जाताना आणि येताना. रानमांजर. बगळे पाण्यातली झाडं धरतात ते गंमत म्हणून नाही. मांजर, मुंगूस, कोल्हा, कुणालाच पाणी ओलांडून जायचं नसतं. झाडापेक्षा त्या पाण्याच्या भरवशावर ते पिल्लं वर ठेवून मासे आणायला जातात. मी झाडं वाचवली आणि मांजरासाठी पक्की वाट करून दिली. ठशांच्या बाजूने मोटारसायकलच्या चाकांची खूणही होती. मोबाईलवर फोटो काढायला पोरं येऊन गेली होती.

बाभळीखाली पंख पडले होते. दोन मेलेली पिल्लं, पूर्ण वाढलेली, आठवडाभरात उडाली असती. वर घरट्यांत ना पिल्लू, ना बगळा. सगळं शांत. महिनाभर तो टक टक गलका ऐकून कानाला सवय झाली होती. ती शांतता मला सहन होईना.

सोजरबाई रस्त्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. पुढे आल्या नाहीत.

"दरसाल पानी खाली जातंय," त्या म्हणाल्या. "असं कदी झालं न्हवतं. हा रस्ता काडायचा हुता ना?"

"हो."

"मंग कुनी ठिवला?"

ठेकेदार म्हणता आलं असतं. सरपंच म्हणता आलं असतं, पाऊस म्हणता आलं असतं. माझ्या तोंडात तिन्ही नावं आली होती. मी म्हटलं, "मी ठेवला."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि घराकडे वळल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी त्यांनी मला जेवायलाही बोलावलं नाही. मी जीपमध्ये बसून लहान पोरीसारखी रडले.

दिवाळीनंतर त्यांची टोळी गेली. उन्हाळ्यात इतर घरं परत आली, त्यांचं आलं नाही. मुलाला काष्टीजवळ एका बागायतदाराच्या मळ्यावर कायमचं काम लागलं होतं. राहायला खोली, पोरांना शाळा जवळ. चांगलंच झालं, कोण नाही म्हणेल? पण सोजरबाईंचं घर आता बाराही महिने एका माणसाचं झालं.

त्या उन्हाळ्यात मी जेसीबी घेऊन तलावात उतरले. शेजारच्या गावच्या कामावरचा जेसीबी, अर्ध्या दिवसासाठी. सरपंच धावत आले.

"अवो मॅडम, काय करताय? सरकारनं दिलेला रस्ता सरकारच मोडतंय व्हय?"

"कुठला रस्ता?"

"हा काय, समोर!"

मी दाखल्याची कॉपी काढून त्यांच्या हातात दिली. "वाचा. रस्ता काढला आहे, जागा पूर्ववत आहे, खाली माझी सही. म्हणजे इथे रस्ता नाहीच. नसलेला रस्ता मोडला म्हणून तुम्ही कुणाकडे तक्रार करणार?"

सरपंचांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाले, "तुमी लई बेरकी हाय बगा." पण आडवे आले नाहीत. उलट दुपारी जेसीबीवाल्याला त्यांच्याच घरून डबा आला. आम्ही रस्त्याला मधोमध मोठी खिंड पाडली, तळापर्यंत. संध्याकाळी सोजरबाई येऊन बघून गेल्या. "आता यायाची न्हाईत ती," म्हणाल्या. "पाखरांनी बी घर सोडलं, पोरानं बी."

पण फोन मात्र त्यांनी केला. श्रावण लागला की माझं लक्ष फोनकडे.

"आले म्याडम."

"बसले?"

"न्हाई. काठाला उबे हायेत."

पुढच्या वर्षीही तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही. बगळे यायचे. माझ्या त्या उतरत्या काठावर गुडघाभर पाण्यात उभे राहून मासे खायचे. सांज झाली की बेटावरून एक फेरी मारायचे आणि पलीकडे निघून जायचे. झाडं होती, पाणी होतं, चारही बाजूंनी होतं. मी काठावरून मनात म्हणायचे, बसा ना रे बाबांनो, आता काही नाही तिथे. बगळ्याला दाखला देता येत नाही. वर्षावर्षाने वादळवाऱ्यात जुन्या काड्या निसटून पडत गेल्या आणि झाडं बोडकी झाली.

मग ज्या बदलीसाठी मी देव पाण्यात ठेवले होते ती झाली. संगमनेर! ऑर्डर हातात आली आणि मला काही वाटलंच नाही. निरोप घ्यायला गेले तर सोजरबाईंनी खणानारळाने ओटी भरली, आणि म्हणाल्या, "आता फोन करायला बी तुमी जवळ न्हाई."

"फोनला जवळ-लांब काय असतं?"

"आसतं," त्या म्हणाल्या.

संगमनेरला शेवटची वर्षं काढून मी रिटायर झाले. घर आहे, नवरा आहे, चोहीकडे ऊस आहे, हिरवंच हिरवं. आणि मी रोज सकाळी प्रवरेच्या पुलावर जाऊन उभी राहते. खाली एखादा राखी बगळा असतो. मी बघते आणि वाटतं, हा आपला नव्हे. नवरा म्हणतो, "तिकडे होतीस तेव्हा इकडचं रडणं, इकडे आलीस तर तिकडचं. तुझं करायचं काय?" बरोबरच आहे त्याचं. मला त्या उघड्याबोडक्या माळाची इतकी आठवण येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं त्याला.

मधल्या काळात सोजरबाई ओट्यावरून पडल्या. मुलगा येऊन त्यांना काष्टीला घेऊन गेला. शेळ्या विकल्या. त्यानंतर तलावाची खबर देणारं माझं कुणी उरलं नाही. अधूनमधून आम्ही फोनवर बोलायचो. त्या मळ्याचं सांगायच्या, मी गुडघ्यांचं विचारायचे. तलावाचं नाव दोघीही काढत नव्हतो.

या वर्षी गणपतीच्या आधी एका सकाळी मोबाईलवर व्हिडिओ आला. नंबर त्या सरपंचांचा. आता ते सरपंच नाहीत, निवडणूक हरले. व्हिडिओ हलत होता, वारा भरभर वाजत होता, आणि एका बाभळीच्या शेंड्यावर राखाडी असं काहीतरी. खाली लिहिलं होतं, मॅडम बसले.

मी चहा तसाच ठेवला. नवऱ्याने विचारलं कुठे निघालीस, मी म्हटलं, साइटवर. रिटायर होऊन दीड वर्ष झालं होतं. त्याने गाडीची किल्ली आणून दिली आणि पाण्याची बाटली.

दुपारी मी काठावर होते. चार घरटी. आठ नाही, चार. एकात मादी बसलेली, एकात दोघं उभे, तिसऱ्यात काड्यांची घासाघीस चाललेली. नर काडी घेऊन आला, घोगरी हाक दिली, तिने काडी घेतली, खोचली, परत काढली. मी तिथेच मातीत बसकण मारली. रस्त्याची खिंड गाळाने थोडी भरलीय का ते मी आधी काठी घालून बघितलं, मग रडले. सवय जात नाही.

नवीन लागलेले इंजिनिअर कधी भेटायला येतात, दोन शब्द सांगा म्हणतात. मी एकच सांगते. दाखल्यावर सही करायच्या आधी जागेवर जा, आणि पाणी उतरल्यावर पुन्हा एकदा जा. साइट भरलेली असताना सगळ्यांचीच कामं चांगली दिसतात. ते माना डोलावतात आणि दाखला टेबलावरच करतात, हेही मला माहीत आहे.

त्या दुपारी काठावरूनच मी सोजरबाईंना फोन लावला. खूप वेळ वाजला.

"सोजरबाई, मी बोलतेय. तलावावरून."

"कुटनं?"

"तलावावरून! बसले बगळे. बसले!"

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी फोन हात उंच करून बेटाकडे धरला. एक बगळा उतरता उतरता ओरडला, मग दुसरा. फोन परत कानाला लावला तेव्हा त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"किती घरं?"

"चार."

"पानी हाय का भवतीनं?"

"आहे. चारही अंगांनी. मी स्वतः बघितलं."

त्यांच्या मागे कुणीतरी टीव्ही लावला होता. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा, "म्याडम, मला न्यायाला याल का वो?"

"येते की! उद्या सकाळीच निघते."

"उद्या कशाला?" सोजरबाई म्हणाल्या. "मी आज बी मोकळीच हाय."

मी उठले, साडीची माती झटकली आणि गाडी काष्टीच्या रस्त्याला लावली.